होडीचं तेल

त्रेपन्न साली मी दिघीच्या दवाखान्यात नर्स होते. भातलावणीला जाणाऱ्या बायकांना ताकदीसाठी प्यायला मुशी माशाचं तेल आलं होतं. मी बाटली उघडली आणि सगळ्यांनी नाकाला पदर लावला. लाकूड कुजू नये म्हणून कोळी होडीला चोपडतात, तेच हे तेल! "आमी काय होड्या हाव?" म्हणत बायका चालू लागल्या. माझं डोकंच फिरलं.

एकटी मनुबाई थांबली. "बाय, होडी वीस वर्सं खाऱ्या पान्यात कुजत न्हाय. मी दोन म्हयने चिखलात टिकंन की!" तिने चमचाभर तेल तोंड वाकडं न करता पिऊन टाकलं. पुढे लावणी संपेपर्यंत एक दिवस चुकली नाही.

दिवाळीत तिचा नवरा धर्माजी मुंबईच्या गिरणीतून बोटीने गावी आला. बायकोसाठी आणलेलं लाल टॉनिक त्याने कौतुकाने मला दाखवलं. तेवढ्यात डोक्यावर भाताचा भारा घेऊन मनुबाई आली. भारा न उतरवताच तिने टॉनिक चाखलं. गोड होतं. बाटली नवऱ्याच्या हातात देत म्हणाली, "तुमीच घ्या. बोटीत बसून दमला असाल."