लाईन गेल्यावर

पांढुर्ण्यात जळालेल्या पंपांचं वाइंडिंग करणारा तो माणूस इतका हळू बोलायचा, की मला काउंटरवर वाकून ऐकावं लागे. दुकानात मात्र एकच विलायती अल्बम दिवसभर वाजायचा. कारखान्यातल्या यंत्रांसारखा खणखणाट आणि त्यावर गळा फाटेस्तोवर ओरडणारा गायक. माझं तर डोकं उठायचं.

"भाषा समजते का?" मी एकदा विचारलं.

"भाषा नाही समजत, भाऊ. त्याचा राग समजते."

गोटमारीच्या जत्रेदिवशी सारं गाव जाम नदीवर, सावरगाववाल्यांशी दगडफेक करायला गेलेलं. बाजारात त्याचं एकट्याचं दुकान उघडं होतं.

"तू नाही गेला?"

"सायंकाळ झाली का दगड मारणं थांबवा लागते तिथं," तांब्याची तार गुंडाळत तो म्हणाला. "मले थांबता येत नाही."

तेवढ्यात लाईन गेली. पंखा थांबला, स्पीकरचा दिवा विझला. ओरडणं मात्र त्याच आवाजात सुरूच राहिलं. मी चमकून पाहिलं. तो खाली मान घालून तार गुंडाळत होता आणि त्याच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या.

लाईन आली. त्यानं वर पाहिलं.

"आवाज जास्त झाला काय, भाऊ?" असं हळूच विचारून त्यानं स्पीकर कमी केला.