शिट्टीवर चढणारा काटा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वायरलेस दुरुस्त करायला शिकलो ते जळके सेट उघडून उघडून. नरपडला आमच्या ओटीवर किनाऱ्याचा सेट आहे. बोटी मोबाइलच्या रेंजबाहेर गेल्या की गावाचं बोलणं त्यावरून चालतं. कोण बाळंत झाली, कोण गेलं, ते आमच्या घरातून कळायचं. सांगायची माझी बायको. एका हाताने बोंबील निवडायची, दुसऱ्या हातात माईक. त्या माईकला अजून बोंबलाचा वास येतो.

आमच्याकडे बूस्टर शिट्टीवर तपासतात. बूस्टर म्हणजे सेटला जोडायची पेटी, आवाज लांब फेकणारी. माईकमध्ये लांब शिट्टी मारायची आणि वॅटच्या मीटरचा काटा बघायचा. काटा चढला की नाखवा खूश. शिट्टी म्हणजे एकच सूर, काटा चढणारच. माणसाचं बोलणं वरखाली होतं, ते पेटीतून धड गेलं का, हे काटा सांगत नाही. मला हे ठाऊक होतं. तरी मी शिट्टीच मारायचो.

माझ्या पेटीत वायरलेससाठीच बनवलेल्या ट्रान्झिस्टरची जुनी जोडी होती. ताकद बेताची, पण आवाज होता तसा न्यायची. मग पलीकडच्या पाड्यातल्या एकाने नवी पेटी आणली. तिचा काटा माझ्या दुप्पट. आमच्या ओटीवर बसून म्हणाला, "काका, तुमचा बूस्टर तुमच्यासारखाच झाला, नुसता खोकतो."

सगळे हसले. बायकोही हसली. मला लागलं.

तलासरीला एक इन्व्हर्टर दुरुस्त करणारा आहे. त्याच्याकडून इन्व्हर्टरमधले दणकट ट्रान्झिस्टर आणले, जुनी जोडी काढून ते बसवले. पेटी तापायला लागली. ट्रान्झिस्टर गप्प असला तरी त्याला थोडा करंट पाजत ठेवावा लागतो, चुलीत राखेखाली निखारा ठेवतात तसा. त्याला बायस म्हणतात; तो नसला की बोलणं तुटक, फाटकं जातं. मी तोच तोडला. पेटी थंड झाली आणि शिट्टीवर काटा शेवटच्या रेघेला जाऊन टेकला.

आमचा मुलगा बोटीवर होता. बायकोने त्याला हाक मारली आणि माझ्याकडे बघितलं.

"अवो, तो विचारतो कोण बोलतंय. पोटच्या पोराला माझा आवाज कळेना."

"काटा बघ ना."

"काटा जेवायला येणार का घरी?"

मी म्हटलं, जोरात बोल. जोरात बोललं की आवाज अजून फाटतो, तेही मला ठाऊक होतं. जुनी जोडी डब्यात होती. एका सकाळचं काम. केलं नाही. ती बिचारी बूस्टर बंद करून जवळच्या बोटीला सांगायची, ती बोट पुढच्या बोटीला.

यंदा ती गेली. सकाळी बोंबील वाळत घालताना खाली बसली, ती उठलीच नाही.

गावात कोणी गेलं की किनाऱ्यावरून कळवतात आणि बोटी जाळी उचलून माघारी फिरतात. भरती असेपर्यंत खाडीत शिरता येतं, ओहोटी लागली की बाहेरच थांबायचं. त्या दिवशी भरती नुकती चढायला लागली होती. पोराला कळलं असतं तर पोचला असता.

मी माईक घेतला. ओरडलो, "तुझी आई गेली रे, परत ये." रडत ओरडत होतो. पेटीने त्याचे तुकडे केले. तिकडून कोणीतरी उत्तर दिलं, ते मला अगदी स्वच्छ ऐकू आलं.

"चढला काका, काटा चढला! बस करा आता, चॅनेल मोकळा करा."

आणि कोणीतरी शिट्टी मारली. मी अजून जोरात ओरडलो. बूस्टरचं बटण हाताशी होतं. ती रोज बंद करायची, मला सुचलं नाही.

दुसऱ्या पाड्यातून निरोप गेला तोवर ओहोटी लागली होती. ऊन कडक. मोठी माणसं म्हणाली, आता ठेवता येणार नाही. पुतण्याने अग्नी दिला. मुलगा पुढच्या भरतीला आला, ओल्या कपड्यांनी राखेसमोर उभा राहिला.

"बाबा, मी ऐकलं होतं, शब्द कळले नाहीत," म्हणाला. "मीच खलाशांना म्हटलं, म्हातारा पुन्हा टेस्टिंग करतोय. शिट्टीही मीच मारली."

त्याला त्याची लाज वाटते. ती लाज माझी आहे, वागवतोय तो. त्यानंतर मी वायरलेसवर हाक मारली की त्याच्या बोटीवरून खलाशी बोलायचे, तो नाही.

जुनी जोडी परत बसवली, बायस जोडला. काटा निम्म्यावर थांबतो. खरं तर वॅट चौपट केले तरी ऐकणाऱ्याच्या सेटवरचा सिग्नलचा काटा जेमतेम एक घर सरकतो. तेवढ्यासाठी मी हे केलं.

परवा शिट्टी न मारता हाक दिली. हळू बोललो. या वेळी तो स्वतः माईकवर आला.

"बोला बाबा. स्पष्ट येतंय."

आता सांगण्यासारखं काही नव्हतं. ती रोज विचारायची तेच तोंडात आलं, "जेवलास का?"

तो म्हणाला, "ऐकू आलं."

जेवला की नाही ते सांगितलं नाही.