प्रस्थान ठेवलेली बॅग

डायनासोरची पावलं बघायला आमच्या घरातून सगळ्यात आधी आमची बॅग निघाली आणि अगदी वेळेवर गेली. आम्ही मागे राहिलो.

माझी नऊ वर्षांची लेक इरा डायनासोरवेडी आहे. जैसलमेरजवळ दगडात उमटलेलं खरंखुरं पाऊल बघायचं, हा तिचा हट्ट. पण सहल आधी दोनदा रद्द झाली होती. एकदा गंगेला पूर आला म्हणून आणि एकदा ऐन वेळी नानांकडे पुण्याचे यजमान आले म्हणून. (नाना म्हणजे माझे सासरे. इथे गंगेच्या दुर्गाघाटावर पौरोहित्य करतात.)

"इस बार पक्का ना, आई? मी वर्गात सगळ्यांना सांगून टाकलंय!"

तिसऱ्यांदा रद्द झाली असती, तर पोरीने माझ्या शब्दावरचा विश्वासच सोडला असता. म्हणून तयारी मी हातात घेतली. माझी तयारी म्हणजे याद्या! औषधांची यादी, खाऊची यादी, आणि कुठली यादी कुठे ठेवलीय त्याची यादी.

सगळं जुळलं आणि नानांनी पंचांगातून डोकं वर काढलं.

"शुक्रवारी पश्चिमेला? दिशाशूळ आहे, सूनबाई."

"नाना, तिकिटं काढून झाली!"

"मग काय बिघडलं? गुरुवारी प्रस्थान ठेवू."

प्रस्थान म्हणजे सोयीस्कर पळवाट. निघायचा दिवस वाईट असेल, तर आदल्या चांगल्या दिवशी जायच्या दिशेच्या शेजाऱ्याकडे आपलं काहीतरी सामान नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास सुरू झाला! मग जाताना ते उचलायचं. अट एकच, ते सामान परत घरात आणायचं नाही.

लोक फडक्यात सुपारी आणि तांदूळ बांधून ठेवतात. मी म्हटलं, ठेवायचंच आहे तर कामाचं ठेवू! आमच्या गल्लीत गाडी येत नाही, सामान चौकापर्यंत हातानेच न्यावं लागतं. तेवढंच एक ओझं आधी पुढे जाईल. आणि महत्त्वाचं सामान एका जागी असावं, हा माझा नियम. म्हणून सगळ्यांची आधारकार्डं, औषधं, हॉटेलची पावती आणि इराचं भिंग अशी भरगच्च बॅग मी गुरुवारी पश्चिमेकडच्या शेजारीण फडकेकाकूंकडे ठेवली. स्वतःवर इतकी खूश झाले की नवऱ्याला दोनदा सांगितलं.

शुक्रवारी दुपारी बॅग घ्यायला गेले, तर काकूंच्या दाराला कुलूप! फोन लावला.

"अगं, मी प्रयागला आलेय! धाकटी बहीण जिन्यावरून पडली. सकाळीच निघाले."

"आणि आमची बॅग?"

"प्रस्थान कुणी कुलपात कोंडतं का? आणि तुझ्याकडे परत कशी देऊ? अपशकुन नाही का होणार! गुप्ताजींकडे दिलीय. तेही पश्चिमेलाच आहेत हो, दिशा बघूनच दिली."

गुप्ताजींचं पूजासाहित्याचं दुकान गल्लीच्या टोकाला. आयुष्य महाराष्ट्रीय शेजारात गेल्यामुळे त्यांना आमचे सगळे नियम आमच्यापेक्षा जास्त पाठ. दुकान बंद! पुतण्याच्या लग्नाआधीच्या तिलकाला गेलेले. फोनवर मागे बँड वाजत होता.

"भाभीजी, चिंता मत कीजिए! हमारे साले साहब आज आप ही की गाड़ी से जयपुर जा रहे हैं। बैग उन्हीं को दे दिया। पश्चिम में ही जा रहा है, पीछे नहीं लौटा!"

नाना समाधानाने म्हणाले, "बघ. प्रस्थान आपणहून पुढे चाललंय. फार शुभ."

नवरा म्हणाला, "आपण सरळ स्टेशनवर जाऊ. तो भेटेलच तिथे."

"आणि नाही भेटला तर? त्याचा फोन लागत नाहीये, प्लॅटफॉर्मवर गर्दीत कुठे शोधायचा? स्टेशनच्या वाटेवर लहुराबीरला त्यांचं घर आहे, आधी तिथे गाठू." (बघा, किती व्यवस्थित विचार!)

लहुराबीरला पोचलो तर साले साहब स्टेशनला निघून गेलेले. तिथून ई-रिक्षा केली, तर पुढे वरात. घोडा, दिवे, जनरेटर आणि रस्त्यावर लोळून नाचणारे मामा!

"आई, गाड़ी छूट जाएगी," इरा म्हणाली. मी घाईने म्हटलं, "नाही सुटणार."

प्लॅटफॉर्मवर धावत पोचलो तेव्हा शेवटचा डबा निघाला होता. फोन वाजला.

"भाभीजी, आप लोग हैं कहाँ? आपकी सीट पर बैग रखकर कब से बैठा हूँ!"

इरा रडली नाही. माझ्याकडे न बघता बापाचा हात धरून उभी राहिली. ते मला जास्त लागलं. "आधारकार्डांसाठी धावले गं मी," मी पुटपुटले.

नवरा अगदी हळू आवाजात म्हणाला, "आधार तर सगळ्यांचं माझ्या फोनमध्येही आहे."

"मग आधी का नाही बोललात!"

"तू मला बोलू कुठे दिलंस?"

घरी आलो. नानांनी पंचांग उघडलं. "उद्या शनिवार. पश्चिमेला काहीच अडचण नाही. प्रस्थानसुद्धा लागत नाही."

"मग नाना, हे आधी सांगायचं!"

"तू विचारलंस कुठे? शुक्रवार तूच ठरवून आलीस."

रात्री इराला जवळ घेऊन मी म्हटलं, "उद्या नक्की. आणि तयारी बाबा करणार."

"पक्का?" तिने विचारलं. माझ्या शब्दापेक्षा दुसऱ्या वाक्यावर तिचा जास्त भरवसा बसल्याचं स्पष्ट दिसलं.

नवऱ्याने सकाळी तत्काळमधली उरलेली तिकिटं मिळवली आणि एका पिशवीत चार कपडे कोंबले. झाली तयारी! जयपूरला साले साहबांनी बॅग हातात दिली, वर चहा पाजला. आणि अखेर आम्ही त्या माळरानावर पोचलो.

तपकिरी दगडात तीन बोटांचं एक पाऊल. इरा त्याच्यापाशी पालथी पडली, आपला पंजा त्यात बसवून बघितला आणि माझ्याकडे बघून असं हसली की सगळा शीण उतरला. मग तिने आजूबाजूला नजर फिरवली.

"आई, दूसरा पैर कहाँ है?"

आणि मी सवयीने यादी शोधायला पर्सची चेन उघडली!