मीनाची भिंत

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी हॉलच्या भिंतीला ओलावा मोजायचं मीटर लावून उभा होतो. आकडा होता सोळा. माझी पत्नी मीना गेल्याचं कळलं त्या क्षणी माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की अजून पाच कमी व्हायला हवे होते. हे लिहायची लाज वाटते, पण तसंच झालं. आज त्याला तीन आठवडे झाले.

निजामपुऱ्यात आम्ही एकोणीस वर्षं राहिलो आणि एवढ्या वर्षांत घराला पांढऱ्याशिवाय रंग नव्हता. आजार दुसऱ्यांदा उलटला तेव्हा मीनाचा पलंग हॉलमध्ये आणला. समोरची भिंत अकरा फूट बाय साडेनऊ. चार दिवस ती भिंतीकडे बघत राहिली आणि पाचव्या दिवशी म्हणाली, “अहो, ही एकच भिंत रंगवू या. शेवउसळीच्या तरीचा रंग.”

“हॉलमध्ये कुणीतरी पातेलं सांडलंय असं वाटेल.”

“वाटू दे. खाता येत नाही, निदान बघता तरी येईल.”

रंग तिनेच निवडला. आमचे गुजराती पेंटर भरतभाई यांनी तीन छटांचे वीतभर पट्टे मारून दाखवले, तिने मधल्यावर पेन्सिलीने खूण केली. दुसऱ्या दिवशी डबा आला. पण भिंत पश्चिमेची, पावसाळाभर पाणी प्यायलेली. बाहेरून गिलावा केला, आतून पुट्टी लावली आणि मी कंपनीतून मीटर आणलं. आकडा चोवीस. बाराच्या खाली गेल्याशिवाय रंग लावायचा नाही, असं मी ठरवलं. माझी सगळी नोकरी मोजमाप खात्यात गेली. ओल्यावर रंग लावणं मला जमणारं नव्हतं.

डॉक्टरांनी सहा ते आठ आठवडे सांगितले होते. भिंत साधारण चार दिवसांना एक अंक वाळत होती. म्हणजे अकरावर यायला, तेरा अंकांना, बावन्न दिवस. आठ आठवड्यांचे छप्पन्न. चार दिवस हातात उरत होते... सहा आठवड्यांचं गणित मी केलंच नाही.

रोज सकाळी चहा झाला की मी मीटर लावायचो आणि मीना भिंतीशी खुर्ची ओढून बसायची. मी आकडा सांगायचा, तिने पुट्टीवरच पेन्सिलीने लिहायचा. “मी शाळेत हजेरी घ्यायचे तशी वाटते,” ती म्हणायची. “तुमची भिंत रोज गैरहजर!” नवरात्रात अवेळी पाऊस झाला आणि सतराचे परत एकोणीस झाले. त्या दिवशी भरतभाई मुद्दाम आले होते. “साहेब, पोपडी उखडशे तो हूं फरी करी आपीश. बेनने जोवा दो.” पापुद्रे सुटले तर ते पुन्हा करून देणार होते; बेनना, म्हणजे मीनाला, रंग बघू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. मी त्यांना ओलावा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ब्रश धरण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती.

ते गेल्यावर मीनाने भिंतीवर अकरा लिहिलं.

“मीना, एकोणीस आहे.”

“माहीत आहे. अकरा असलं की भरतभाईंना बोलवायचं ना?”

मी पेन्सिल घेतली, तिच्या अकरावर रेघ मारली आणि शेजारी एकोणीस लिहिलं. ती रेघेकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरोबर आहे तुमचं.” भांडली असती तर मी कदाचित ऐकलं असतं. पण ती भांडली नाही. तिसऱ्या दिवसापासून तिला खुर्चीपर्यंत येता येईना, आणि पुढचे आकडे माझ्या अक्षरात आहेत. शेवटी तिला हॉस्पिटलमध्ये हलवावं लागलं. ती गेली तो पहिल्या मोजणीपासूनचा एक्केचाळिसावा दिवस. भिंत वाळायच्या आधी, डॉक्टरांच्या सहा आठवड्यांच्याही एक दिवस आधी.

मीटर मी अजून रोज लावतो. काल सकाळी अकरा आलं. भिंत तयार आहे, डबा सीलबंद आहे. भरतभाई दोनदा येऊन गेले. रंग लावला तर मीनाचं अक्षर झाकलं जाईल; नाही लावला तर तिने मागितलेली एकच गोष्ट मी दुसऱ्यांदा नाकारली, असं होईल. काल मी रबर घेतलं, म्हटलं निदान आपली रेघ तरी पुसावी, तिचा अकरा मोकळा करावा. पुट्टी मऊ असते. रेघ निघाली, आणि तिच्याबरोबर मीनाच्या अकरातला एक आकडाही निघाला. आता तिथे नुसता एक उरला आहे. त्याच्यासमोर, भिंतीपासून दीड फुटावर, तिची खुर्ची तशीच आहे. सकाळी आकडा आला की मी अजून मोठ्याने सांगतो... आणि थोडा वेळ थांबतो.