व्यासपीठावरून ऐकलेला गोल

आज अंबाजोगाईच्या मैदानावर गळ्यात झेंडूचा हार पडला आणि त्या ओल्या वासानं लहानपणचा, आयुष्यातला पहिला फुटबॉलचा सामना आठवला. वडील पुढारी, म्हणून आम्ही घरचे व्यासपीठावरच्या सोफ्यावर होतो. खेळ चालू असतानाच सत्कार सुरू झाले. शाली पांघरणाऱ्यांच्या पाठींआड मैदान दिसेनासं झालं. एकदम गलका उठला. गोल झाला होता. मी ताडकन उठले, तशी आईनं माझा हात ओढला.

"खाली बस गं. लोक बघायलेत."

लोक खेळ बघायला आले होते, मला नाही. पण बसले.

आज प्रमुख पाहुणी मीच. सत्काराच्या गर्दीपलीकडं तसाच गलका उठला. मी अर्धवट उठले. हात ओढायला आता आई नव्हती, तरी बसले.