करीच्या जेवणाची वाईन

सोलापूरच्या त्या दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘वाईन’ लिहिलं होतं आणि आत वाईन सोडून सगळं होतं. मी मागितल्यावर दुकानदारानं मागच्या फळीवरून चार लहान बाटल्या काढल्या आणि फडक्यानं पुसायला लागला.

“पुसू नका,” मी म्हणालो. “धूळ बघून भाव करू.”

“शेठ, छापील किमतीवर घासाघीस नसती.”

“आन धूळ कितीची छापलीय?”

अर्ध्या तासानं त्यानं किंमत सोडली नाही, पण दांडीचे चार काचेचे ग्लास फुकट दिले. मला तेच हवे होते.

मी द्राक्षांचा व्यापारी. आमच्या वडिलांची ऐपत एकालाच शिकवायची होती, आणि दादा थोरले. ते कॉलेजला गेले. मी आठवीतून शाळा सोडली, तामलवाडीच्या बागांमध्ये क्रेट वाहिले, आणि पुढे त्याच बागांचा माल विकत घ्यायला लागलो. बागेत शिरलं की वरचा, मधला, खालचा असे तीन घड चाखायचे, तोंड वाकडं करायचं, “गोडी उतरली न्हाय” म्हणायचं आणि भाव पाडायचा. माझ्या या वाकड्या तोंडाला भले भले बागाईतदार घाबरून असतात. एवढं सगळं मी स्वतः कमावलं. दादांना त्याचं कधी काही वाटलं नाही.

सात वर्षांपूर्वी दादा सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. पुण्याला त्यांच्या घरी जेवण होतं, साहेब लोक आले होते. टेबलावर दांडीचे ग्लास, त्यात लाल वाईन. दादांनी ग्लास गोल फिरवला, नाक आत घातलं आणि डोळे मिटले. मग एकेक जण तिला कशाकशाचा वास येतो ते सांगायला लागला. मी मध्येच विचारलं, बाटली केवढ्याची?

दादा पाहुण्यांकडे बघून म्हणाले, “ह्याला भाव तेवढा कळतो. चव नाही कळत.”

सगळे हसले. मी ताट अर्धं टाकून उठलो आणि त्याच दुपारी गाडी धरली. आयुष्यभर जिभेवर पोट भरलेल्या माणसाला हे म्हणावं, तेही परक्यांसमोर, तेही रक्ताच्या भावानं. त्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो नाही. करोनात ते पंधरा दिवस दवाखान्यात होते, तेव्हाही वहिनींना फोन करून विचारपूस केली, तेवढीच.

आणि या डिसेंबरात दादांचाच फोन आला. “संक्रांतीच्या करीला येऊ का रे? जेवायला.”

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्या घरी मटण असतं. आई होती तोवर दादा त्या दिवशी हमखास यायचे. मी “या” म्हणालो, आणि फोन ठेवायच्या आत माझ्या डोक्यात सगळा बेत तयार होता.

निवृत्तीच्या जेवणातल्या बाटलीचं लेबल मला पाठ होतं. सोलापूर रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याकडून तीच महागडी बाटली रिकामी, फिरकीच्या बुचासकट मिळवली. तिच्यात स्वस्तातली वाईन भरायची. दादांनी डोळे मिटून वाखाणली की भाव सांगायचा. पाहुणे नसतील, पण वहिनी असतील. तेवढं पुरे होतं.

यासाठी वाईन स्वस्त हवी आणि खरोखर चांगलीही हवी. म्हणून आधी चार जातींच्या चार लहान बाटल्या. इथं माझा धंदा आडवा आला. द्राक्षात गोड ते चांगलं, म्हणून मी सगळ्यांत गोड ती आधी उघडली. बायकोनं येसर, म्हणजे आमच्याकडचा भाजका मसाला, लावलेला रस्सा वाढला. पहिल्या घासालाच तोंडात तिखट आणि गोड यांची मारामारी झाली.

“सरबतासंगं मटण खाताय जणू,” बायको म्हणाली. ती चाखत नाही, पण नुसत्या वासावर तिनं दुसरीही बाद केली. “ह्याला शिळ्या ताकाचा वास येतोय.”

चार दिवस मी बागेतल्यासारखाच चाखत होतो. रोज एक बाटली, सोबत भाकरी आणि रस्सा. तिसरी नुसती प्यायला तुरट लागली, पण रश्शाबरोबर एकदम बसली. किंमत महागडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. सोलापूरला जाऊन तिच्याच दोन मोठ्या बाटल्या आणल्या.

करीच्या दिवशी दुपारी दादा आणि वहिनी आले. दादा वाळले होते. ओट्यावर टेकून म्हणाले, “घर मोठं केलंस.”

“लोकांनी भाव दिला म्हणून झालं,” मी म्हणालो. त्यांना टोमणा कळला नाही, किंवा कळून गप्प बसले.

त्यांच्याशी बोलण्यात बायको चुलीपासून उठली आणि तेवढ्यात मटण बुडाला लागलं. करपल्याचा वास सगळ्या घरात भरला. तिचं तोंड एवढंसं झालं. वरचं वरचं काढून तिनं ताटं वाढली. मी वाईन ओतली. दादांनी ग्लास फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. अगदी तसंच.

“छान आहे,” ते म्हणाले. लेबलाकडे बघून पुन्हा म्हणाले, “भारीतली आणलीस.”

माझ्या जिभेवर भाव आला होता. तेवढ्यात त्यांनी रश्शात भाकरी बुडवली, घास घेतला आणि बायकोला म्हणाले, “वा. मटण अगदी आईच्या हातचं झालंय.”

माझं डोकं फिरलं.

“दादा, करपलंय मटण. आख्ख्या घराला कळतंय. माझ्या घरात बसून तिची चेष्टा करता व्हय?”

बायको म्हणाली, “अवो, राहू द्या.” दादांचा घास हातातच राहिला. ते वहिनींकडे बघायला लागले.

“त्यांना वास येत न्हाय, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “करोनात गेला तो परत आलाच न्हाय. गोड, आंबट, खारट, तिखट एवढंच कळतं. कुणाला सांगायचं न्हाय म्हणतात. जिथं जातील तिथं छान झालंय म्हणतात.”

दादांनी घास ताटात ठेवला. मग दादाच म्हणाले, “वाटलं, आपल्या घरच्या रश्शाचा तरी येईल.”

म्हणजे फोन त्यासाठी होता. डिसेंबरात मी रिकामी बाटली शोधत होतो, तेव्हा हा माणूस आईच्या रश्शाचा वास येईल म्हणून दिवस मोजत होता.

दादांनी ग्लास माझ्याकडे सरकवला. “तू सांग कशी हाय. तुला कळतं.”

ते सात वर्षांपूर्वीचं विसरले होते की आठवून बोलत होते, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. राग गेला असंही नाही. फक्त तो ज्याच्यावर काढावा, असा माणूस समोर दिसेना.

“बाटली भारीतली हाय, वाईन न्हाय,” मी म्हणालो. “तुम्हाला फसवायला भरली हुती. पण चांगली हाय. चार चाखून घेतली.”

वहिनींनी मान खाली घातली. दादा बाटलीकडे बघत राहिले. “बरं,” म्हणाले. “मग सांग.”

मी घोट घेतला. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट चाखून तिचा भाव पाडायचा नव्हता.

“काळ्या द्राक्षाची साल चावली की दाताला कसं लागतं?” मी म्हणालो. “तसं आधी. मग छाटणीच्या टायमाला वेलाच्या ओल्या काडीचा वास येतो बघा.”

“पाणी दिल्यावरचा?”

“न्हाय. पाणी द्यायच्या आधीचा.”

दादांनी ग्लास परत घेतला, एक घोट घेतला आणि डोळे मिटून बसले. नाक या वेळी ग्लासात घातलं नाही.

“आन रस्सा?” त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या ताटातला घास घेतला. वर येसर होतं, खोबरं होतं, खाली करपलेलं. सगळं एकेक करून सांगितलं, करपलेलंसुद्धा.