खाटेखालचा मी

भाऊसाहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मी सावेडीच्या घरी, चहा गोड झाला म्हणून सुनेवर करवादत होतो. फोनवर त्याचा मुलगा दत्तू. "काका, आबा गेले..." एवढंच म्हणाला. आणि मी म्हणालो, "बरं." बरं! जन्माच्या मित्रासाठी मला दुसरा शब्द सुचू नये? पण भाऊसाहेबाच्या बाबतीत ऐन वेळी माझी दातखीळ बसायची ही काही पहिली खेप नव्हती.

स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. नगरचं आमचं कॉलेज नवंकोरं, आणि वसतिगृह म्हणजे आवारातल्या जुन्या लष्करी बराकी. पत्र्याखाली ओळीनं खोल्या, खोलीत एक खाट, एक मुलगा. भाऊसाहेब कर्जतकडच्या शेतकऱ्याचा, त्याला खोली मिळाली होती. मी मात्र प्रतीक्षा यादीत पहिला. तिसगावात भिक्षुकी करणारे आमचे अण्णा, पोरानं वसतिगृहात सगळ्या जातींच्या पंगतीला बसावं की नाही याचा खल करत राहिले आणि अर्जाची मुदत टळून गेली. भाऊसाहेबानं वर्गातली दोन दिवसांची ओळख पुरेशी धरून माझी वळकटी उचलली. "चल माझ्या खोलीवर. लई इचार करू नको."

बाहेरचा मुलगा सापडला तर खोली जाणार, हा नियम दारावरच चिकटवलेला होता. भाऊसाहेबाच्या वडिलांनीही त्याला बजावलं होतं, खोली गेली की शिक्षण संपलं, घरी औत वाट बघतंय. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी राहिलो. दोन महिने मागच्या खिडकीतून ये-जा केली. व्हरांड्यात बूट वाजले की घास घशात अडकायचा... भाऊसाहेब मात्र हसायचा, "अरे, गिळ की!"

एका रविवारी भर दुपारी त्याच्या घरून आलेलं भाकरीचं गाठोडं सोडून आम्ही बसलो होतो. आणि बूट वाजले. मी खाटेखाली सरपटलो. रेक्टर आत आले. माणूस कडक, पण वाईट नव्हता. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती जमिनीवर थांबली. मी मूर्खानं लहानपणच्या सवयीनं जेवणाआधी पाणी फिरवून, उजव्या हाताला भाकरीचे चार चिमटे मांडले होते. चित्रावती! मुंज झालेल्या पोराच्या हाताला ते शिकवावं लागत नाही.

"भाऊसाहेब," रेक्टर म्हणाले, "तुझी मुंज कधी झाली रे?"

"माझंच हाय ते, सर. मुंग्यांसाठी टाकलंय."

रेक्टर वाकले नाहीत. वाकले असते तर बरं झालं असतं. ते सावकाश म्हणाले, "जो कोण असेल त्यानं आत्ता समोर यावं. प्रतीक्षा यादीत असला तर त्याचं नाव कापीन, पण तुझी खोली राहील. नाहीतर संध्याकाळपर्यंत सामान काढ."

माझ्या नाकासमोर भाऊसाहेबाच्या टाचा होत्या. भेगाळलेल्या, जराही न हलणाऱ्या. मी तोंड उघडलं... आणि मिटलं. यादीत मी पहिला होतो ना! रेक्टर निघून गेले.

 भाऊसाहेबानं ट्रंक बांधली आणि दिवस मावळायच्या आत तो कर्जतला गेला. आठवड्यानं यादी सरकली. रिकामी झालेली खोली मला मिळाली. तीच खोली, तीच खाट. मी नाही म्हटलं नाही. त्या खाटेवर झोपून मी बी.ए. झालो, मास्तर झालो, पेन्शन खातोय. लाज वाटते लिहायला, पण लिहितो.

पुढे दरवर्षी मी त्याच्या घरी जायचो. तो शेतातलं दाखवायचा, थट्टा करायचा, "मास्तर, जाड झालात." त्या दुपारचा विषय त्यानंही काढला नाही, मीही नाही. मनात म्हणायचो, पुढच्या खेपेला सांगू. खेपा संपल्या.

दहाव्याला गेलो तेव्हा दत्तूनं मला पुढच्या खोलीत बसवलं. आबांची खाट तिथेच होती. "बसा की काका, तिच्यावरच बसा." मला बसवेना. भरल्या घरात, बायका-माणसांसमोर मी बोलून गेलो. म्हटलं, दत्तू, तुझ्या बापाचं शिक्षण माझ्यामुळं सुटलं. मला एक शब्द बोलायचा होता, मी बोललो नाही.

दत्तूनं माझा हात धरला. "ठावं हाय काका. आमाला समद्यांनाच ठावं हाय. दर साली तुमी येऊन गेलात की आबा म्हनायचे, आजबी न्हाई बोलला."